मास्तम्माचा हात

१

रघुपतीमामा दाराशी पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा हात खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी उभा होता.

उभा म्हणजे कुणीतरी मुद्दाम उभा केलेला. कोपराच्या वर तोडलेला, कोपरात वाकवलेला, पंजा आढ्याकडे. शेजारी तसाच वाकलेला, तसाच पंजा वर केलेला दगडाचा हात. दगडाच्या हातावर बांगड्या कोरलेल्या होत्या. माणसाच्या हातावर मामांचं जुनं घड्याळ होतं आणि ते अजून चालू होतं. पहार घालून डोकं मागून फोडलं होतं. पहार तिथेच पडली होती, कोयताही. मी बाहेर जाऊन चकोत्याच्या झाडाखाली ओकले आणि परत आत आले, कारण आत अण्णा होते आणि त्यांना धड दिसत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे वादिराज. पोलिसखात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण इन्स्पेक्टर रंजिता एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून तिनं बोलावलं. शिवाय मामा त्यांचे शाळेपासूनचे मित्र. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णांची गाडी मी चालवते आणि वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच. माझं माहेर पुण्याचं. सासर बेंगळुरूचं, म्हणजे शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं आणि परत जायचं विसरलेलं घराणं. तिथल्या मराठीला मी हसते आणि माझ्या मराठीला ते हसतात, असं आमचं चाललेलं असतं.

ही खोली म्हणजे देवनहळ्ळीच्या बाहेर, मामांच्या शेतातली रेशमाचे किडे पाळायची जुनी शेड. आसपासच्या शेतांचे प्लॉट पडले, विमानं डोक्यावरून जाऊ लागली, तसे किडे गेले आणि मामांनी तिथे दगड भरले. बुलडोझरखाली जाणारे जुने कोरीव दगड ते उचलून आणत.

"अमृता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, हात मात्र माझ्या खांद्यावर घट्ट रुतले होते. "रघू भिंतीवर खडूनं लिहायचा. वाच बघू काय काय आहे."

प्रत्येक दगडाच्या वर निळ्या खडूतलं मामांचं टपोरं अक्षर होतं. दगड देणाऱ्यांची नावं असावीत, आडनाव आधी.

"'कुदुरे. गुंडू,'" मी वाचलं. "'नागर. जितेंद्र.'"

"पुढे?"

पुढे तो दगडी हात होता. त्याच्यावर जे लिहिलं होतं ते मी दोनदा पाहिलं आणि जसं होतं तसं वाचलं.

"'कै. सुहास.'"

"हं," अण्णा म्हणाले. "आणखी?"

आणखी काही नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. सुहास बेहेरे हे मामांचे दगडातले सोबती, सरकारी कारखान्यातले इंजिनियर. तीन महिन्यांपूर्वी घरातून निघाले ते परतलेच नाहीत. सगळं जग त्यांना बेपत्ता म्हणत होतं आणि इथे त्यांच्या नावामागे कै. लागलं होतं. पोलिसात मुरलेल्या माणसाचं काळीज असंच होत असेल, म्हणून मी गप्प बसले. त्यांनीही ऐकलं होतं, मग बोलून दाखवायचं काय राहिलं होतं?

२

"सर, गुंडूला मी आत घेतलंय," रंजिता म्हणाली. ती कानडीत बोलत होती आणि तिला घाई होती. "हा हात त्याच्या शेतातला. गाव त्याला मास्तम्मा म्हणतं, म्हणजे महासती. अमावास्येला लिंबू वाहतं. शेत विकलं गेलं, तुमच्या मित्रांनी दगड इथे आणला. मास्तम्माचा हात जो हलवेल त्याचा हात जाईल, असं गावात आधीच बोललं जायचं. कोयता गुंडूचा आहे. चोराचा हात तोडायचा, ही तर जुनी शिक्षा."

"शिक्षा जिवंत माणसाला देतात, रंजिता. आधी डोकं फोडून मग हात तोडला, तर ती कसली शिक्षा? आणि गुंडू रघूवर का चिडेल? घोड्याचा दगड त्यानं स्वतःच इथे आणून दिलाय."

हे त्यांना कुठून कळलं, कोण जाणे. मित्रानं कधी सांगितलं असेल, असं मी धरून चालले.

"कोयता कुठे असायचा?"

"याच शेडमध्ये," रंजितानं कबूल केलं. "पहारही. दगड हलवायला."

अण्णांनी मला दगडी हाताच्या पायथ्याशी वाकायला लावलं. तिथे हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. झटापटीत फुटल्या, असं रंजिताचं म्हणणं.

"पसरल्यात का गं?"

"नाही. सगळ्या एकाच जागी आहेत."

"त्यांच्यावर रक्त आहे?"

"आहे. उडालेलं."

"रंजिता, एक तुकडा उचल बघू. खाली काय आहे?"

रंजितानं चिमट्यानं तुकडा उचलला. खाली जमीन कोरडी होती, तुकड्याच्या आकाराची कोरी जागा राहिली होती.

"आधी काच पडली, मग रक्त," अण्णा म्हणाले. "झटापट व्हायच्या आधी इथे कुणीतरी बसून बांगड्या फोडल्या. दगडावर आपटून. मग मारलं."

रंजिताचा चेहरा पडला, पण ती हट्टी होती. "गुंडूची बायको असेल."

मामांच्या पायाशी स्टीलचे दोन पेले लवंडले होते. कॉफीचा डाग रक्तात मिसळला होता. त्यांचा मोबाइल पहारीखाली चेंदामेंदा झाला होता. कुणाकुणाशी बोलले ते कंपनीकडून कळायला दुसरा दिवस उजाडणार होता.

मामांची पुतणी संहिता दाराबाहेर उभी होती. मनगटावर काळं स्मार्टवॉच, डोळे सुजलेले. ही शेड पाडून टाकावी म्हणून ती मामांशी भांडायची, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"भांडायची मी, नाही कशाला म्हणू?" ती अण्णांना म्हणाली. मामांना ती दोड्डप्पा, म्हणजे मोठे काका, म्हणायची. "दोड्डप्पांना दगडात काय दिसायचं तेच कळेना झालेलं मला. परवा फोन केला त्यांनी. कॉफीपूड सरली, घेऊन ये म्हणाले. उद्या माणूस यायचंय, मनावरचं ओझं स्वल्प उतरवायचंय. कोण म्हणून विचारलं, तर हसले. ती येऊन मिळाली की सांगतो, म्हणाले."

"ती?" मी विचारलं.

"हां. ती."

३

ती कोण, हे शोधायला लांब जायला नको होतं. सुहासकाकांच्या नावामागे कै. लावणाऱ्या माणसाला कुणाला काय सांगायचं असणार? मी गाडी के. आर. पुरमला, सुहासकाकांच्या घराकडे घेतली. अण्णांनी कुठे चाललो विचारलं नाही, म्हणजे त्यांच्याही मनात तेच असावं.

वाटेत मला मामांचं भाषण आठवत होतं. मराठी मंडळात त्यांनी 'हात' या विषयावर बोलायचं ठरवलं आणि टाइप करायला मला धरलं होतं. देवाचा चेहरा झिजला तरी चालतं, ते म्हणायचे, हात झिजला की देव मुका होतो. अभय देतो तो हात, वर देतो तो हात. वेदातला सूर्य सोन्याच्या हातांचा. रणांगणावर नवऱ्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसलेल्या राणीची गोष्टही मामांनी सांगितली होती. शेवटी ते सतीच्या हातावर आले. कोपरात वाकलेला, बांगड्या शाबूत. नवरा गेला तरी ही बाई क्षणभरही विधवा म्हणून जगली नाही, एवढंच हा हात सांगतो. तिला जायचं होतं का, हे कुणी या हाताला विचारलं नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला होता. पहिल्या रांगेत अलकाकाकू बसल्या होत्या, सुहासकाकांच्या बायको. तेव्हा काकांना घरातून निघून महिना झाला होता.

दार मकरंदकाकांनी उघडलं. सुहासकाकांचे धाकटे भाऊ, शोधासाठी नाशिकहून येऊन राहिलेले. दाढी वाढलेली.

"दादाचं काही कळलं का?" त्यांनी दारातच विचारलं.

अण्णांनी रघुपती गेल्याचं सांगितलं, कसे गेले तेही सांगितलं. मकरंदकाका मटकन खुर्चीत बसले.

"मी गेल्या आठवड्यात त्यांची कॉलर धरली होती," ते म्हणाले. "उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. ह्या माणसाला दादाचं काहीतरी माहीत होतं. विचारलं की नुसता कानावर हात ठेवायचा. पण मारलं नाही मी. तोच मेला तर मला दादाचा पत्ता कोण सांगणार?"

"सुहासमध्ये काही बदल जाणवला होता, जायच्या आधी?"

"गप्प झाला होता. आणि उजवा हात सतत खिशात. दिवाळीच्या फोटोत बघा, सगळे हात जोडून उभे आहेत आणि हा एका हातानं."

अलकाकाकू चहा घेऊन आल्या. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. कप पुढे करताना बाही वर सरकली आणि मनगट दिसलं. मोकळं होतं, त्यावर बारीक ओरखडे होते. गेले तीन महिने मंडळात त्या आल्याचं हिरव्या बांगड्यांच्या आवाजावरूनच कळायचं. मी उतरवणार नाही, त्या म्हणायच्या, हे येतील तेव्हा मला अशीच बघतील. मला वाईट वाटलं. वाट बघून बाई थकली, असं मनात आलं.

"काल कुठे होतात, अलकाबाई?" अण्णांनी विचारलं.

"घरीच."

"रघूनं फोन केला होता का?"

"नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांना त्यांच्या दगडांचं फार वेड होतं. एवढंच मला माहीत आहे."

त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून काहीतरी ठेचल्याचा आवाज येत राहिला, आम्ही निघेपर्यंत.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलिस स्टेशनला पोचलो तेव्हा गुंडूला कोर्टात न्यायला बाहेर काढत होते. साठीचा, काटकुळा माणूस, हात पुढे बांधलेले. फाटकाशी गर्दी होती. गर्दीतून मकरंदकाका पुढे आले. त्यांच्या हातात फुटपाथची फरशी होती आणि आम्हाला कळायच्या आत त्यांनी ती गुंडूच्या तोंडावर हाणली.

हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. गुंडू गुडघ्यावर आला. हात बांधलेले असल्यानं त्याला तोंडही झाकता येईना.

"त्याला का मारलंस?" मकरंदकाका ओरडत होते. "एकच माणूस होता ज्याला माहीत होतं! आता दादाला कुठे शोधू? बोल!" आणि परत हाणली. तिघांनी धरलं तेव्हा कुठे ते थांबले. गुंडूचे दात पायरीवर पडले होते.

रंजितानं गुंडूला इस्पितळात धाडलं आणि मकरंदकाकांना आत टाकलं. मी अण्णांना घेऊन गाडीत येऊन बसले.

"मकरंद नव्हे," अण्णा म्हणाले. "भाऊ सापडेल अशी आशा असलेला माणूस आहे हा. रघूला तो कधी मारता ना. पण मला एक समजत नाही. सुहास कुठे आहे हे रघूला ठाऊक होतं, तर…"

"कुठे आहे काय अण्णा?" माझा बांध फुटला. "सुहासकाका गेलेत! मामांना माहीत होतं ते. तुम्ही स्वतः ऐकलंत आणि नुसतं हं म्हणालात."

"मी? कधी ऐकलं?"

"भिंतीवरचं! मी वाचून दाखवलं ना. कैलासवासी सुहास!"

अण्णा माझ्याकडे वळले. ऑपरेशनच्या काळ्या चष्म्यामागे त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"तू कै म्हणालीस."

"कै. म्हणजे कैलासवासीच. आमच्याकडे पत्रिकेत, पेपरात, पाटीवर, सगळीकडे तसंच लिहितात."

"अमृता," ते हळू म्हणाले, "कै म्हणजे हात गं. कानडीत."

मला आधी काही उमगलंच नाही.

"कुदुरे म्हणजे घोडा. नागर म्हणजे नाग. घोड्याचा दगड गुंडूनं दिला. नागाचा महादेवपुऱ्याच्या जितेंद्रनं. आणि हाताचा दगड सुहासनं शोधून काढला. रघूची लहानपणापासूनची तऱ्हा, अक्षर मराठी आणि वस्तूंची नावं कानडी. आणि प्रत्येक शब्दामागे टिंब, मास्तरांनी किती मारलं तरी सुटलं नाही ते. तू कुदुरेला काय समजलीस?"

"गुंडूचं आडनाव," मी म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच गेलं. मामांनी सुहासकाकांना मेलेलं म्हटलंच नव्हतं. ते फक्त मी वाचलं होतं. माझ्यासारख्या कुणीही तसंच वाचलं असतं.

"बोल," अण्णा म्हणाले. "तुझ्यासारखं कोण कोण वाचेल?"

"संहिता नाही, ती कै म्हणजे हातच वाचणार. गुंडूला आपली अक्षरं येत नाहीत." मी बोलत होते आणि बोलणं मलाच नको वाटत होतं. "मकरंदकाका वाचतील. पण ते अजून दादाला शोधताहेत. त्यांनी ती भिंत पाहिलेलीच नाही."

"आणि काल त्या घरी आपण गेलो तेव्हा मकरंदनं दारातच काय विचारलं? दादाचं काही कळलं का. तीन महिने जी बाई भेटेल त्याला हाच प्रश्न विचारत होती, तिनं काल विचारला?"

नव्हता विचारला. चहा दिला होता. ह्यांना वेड होतं, म्हणाल्या होत्या. होतं.

"आधी काच, मग रक्त," मी म्हणाले. "रघुपतीमामा पलीकडे कॉफी करत होते. काकू शेडमध्ये एकट्या होत्या. त्यांनी भिंत वाचली."

"आणि त्या क्षणी ती विधवा झाली. त्या हातावर बांगड्या फोडल्या, रीत म्हणून. मग तो पेले घेऊन दारात आला." अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. "हसत आला असेल गं. तिला चांगली बातमी सांगायला बोलावलं होतं त्यानं."

"कशावरून चांगली?"

तेवढ्यात रंजिता खिडकीशी आली. मामांच्या फोनची माहिती आली होती. उडुपीजवळच्या एका उपचार केंद्रात रोज संध्याकाळी फोन होता. आणि परवा सकाळी एक फोन अलका बेहेरेंना.

"उडुपीला मी आत्ताच फोन लावला," रंजिता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "सर, तुम्ही स्वतः बोला."

५

अलकाकाकू खाली बसून नारळ खवत होत्या. मकरंदकाकांना आत टाकल्याचं त्यांना कळलं होतं. रंजिता बाहेर जिन्यात थांबली, तसं अण्णांनीच सांगितलं होतं. माणूस आधी माणसाशी बोलतो, पोलिसाशी नंतर, म्हणाले.

"अलकाबाई, बांगड्या कुठे गेल्या?" अण्णांनी विचारलं.

"नवरा नाही, बांगड्या कशाला?" खवणारा हात थांबला नाही.

"कुणी सांगितलं नवरा नाही म्हणून?"

"तुम्हीही वाचलंच असेल ना." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "फोन करून बोलावलं मला. सुहासबद्दल सांगायचंय, म्हणाला. मी धावत गेले. मला तिथे बसवून कॉफी करायला गेला आणि माझ्यासमोर भिंतीवर माझा नवरा कै. झालेला होता. खडूनं. त्या दगडाच्या डोक्यावर. तीन महिने मी दारोदार विचारत फिरले आणि ह्या माणसानं लिहून ठेवलं होतं! मंडळात माझ्यासमोर सतीच्या बांगड्यांवर भाषण देत होता!"

"मग?"

"मग काय! पेले घेऊन आला. हसत. बस गं, म्हणाला. पेले ठेवायला वाकला आणि मी पहार घातली. पडला तरी हात हलत होता, उजवा. जमिनीवर काहीतरी चाचपत होता. त्याच हातानं मारलं असणार ह्यांना, आणि त्याच हातानं लिहिलं. पुन्हा मारलं. तरी थांबेना. म्हणून तोडला." त्या धापा टाकत होत्या. "हात गोळा करायचा ना? मी एक देऊन आले. फार कठीण असतं माणसाचं हाड. बाईच्या हातात एवढं बळ असतं हे मलाही माहीत नव्हतं."

मला तो हात दिसत होता, घड्याळ चालू असलेला.

"अलकाबाई," अण्णा म्हणाले, "रघूनं सुहासला मारलं नाही. कै म्हणजे कैलासवासी नव्हे. आमच्या भाषेत कै म्हणजे हात. सुहासनं आणलेला हात, एवढंच लिहिलं होतं. सुहास जिवंत आहे."

"खोटं!"

"त्याचा हात कापायला लागला होता. कंपवात. आयुष्यभर केसाएवढी मापं मोजलेला माणूस, त्याला पेलाही धरवेना. तुम्हाला ओझं होईन म्हणून पळाला. रघूनं उपचाराला ठेवलं आणि सुहासनं शपथ घातली म्हणून तोंड मिटून बसला. तेरवा सुहास घरी यायला तयार झाला. तेच सांगायला…"

"खोटं बोलतोस!" त्या उठल्या तेव्हा नारळ फोडायचा कोयता हातात होता. मी किंचाळले. अण्णांना नीट दिसलं नाही, त्यांनी नुसता हात वर केला, आणि कोयता त्यांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओढत गेला. रक्त माझ्या तोंडावर उडालं. काकूंनी परत उगारला.

"अलका?"

आवाज जिन्यातून आला. रंजिता दारात होती, फोन पुढे धरलेला, आवाज मोठा केलेला.

"अलका, मी बोलतोय गं. मला न्यायला ये. रघुपती म्हणाला, तू रागावणार नाहीस."

कोयता वरच राहिला. काकूंचा हात कोपरात वाकलेला होता, मूठ आढ्याकडे. कोयत्यावरचं रक्त मनगटावरून खाली येत होतं आणि तिथे ते अडवायला काहीच नव्हतं.

"अलका? ऐकू येतंय का?"

कोयता खाली पडला. रंजितानं बेड्या काढल्या. काकूंनी दोन्ही हात स्वतःहून पुढे केले, बांगड्या भरायला करतात तसे, आणि मग त्यांना रडू फुटलं. असं रडणं मी कधी ऐकलेलं नाही. फोनमध्ये सुहासकाका त्यांचं नाव घेतच राहिले. शेवटी मी जाऊन तो बंद केला. मला ते सहन होईना.

६

अण्णांच्या हाताला भरपूर टाके पडले. गुंडू सुटला, पण आता त्याला सगळं पातळ करूनच खावं लागतं. मास्तम्माला संहितानं गावच्या देवळात नेऊन बसवलं. गुंडूनं लिंबू वाहिलं.

तेराव्याला मंडळाच्या फळ्यावर लिहायला संहितानं मला बोलावलं. तिला देवनागरी धड येत नाही. "तूच लिही गं अक्का," ती म्हणाली, "तुझं अक्षर शुद्ध."

मी खडू घेतला. 'कै.' लिहिलं. पुढे 'रघुपती' लिहायला हात उचलला आणि तो तिथेच राहिला. मागे अण्णा उभे होते, हात गळ्यातल्या पट्ट्यात. चष्मा नव्हता, आता त्यांना नीट दिसत होतं.

"पूस ते," ते म्हणाले.

मी फडकं घेऊन पुसलं, आणि पुरा शब्द लिहिला. कैलासवासी. एक अक्षरही न गाळता.